नको, नये, नाही : आज्ञेचे व्याकरण आणि पापाची कल्पना

पुस्तकाला चुकून पाय लागला की पुण्यातल्या पेठांत वाढलेले मूल आजही वाकून पुस्तकाला हात लावते आणि तो हात कपाळाला नेते. आसपास कोणी नसले तरी नेते. हे त्याला कोणत्या ग्रंथातून कळलेले नसते. "पुस्तकाला पाय लावू नये, पाप लागतं" असे आजीने केव्हातरी एकदा सांगितलेले असते, तेवढे पुरते. या वाक्याच्या पहिल्या भागात आज्ञा आहे आणि दुसऱ्या भागात पाप आहे. दोहोंना जोडणारे कारण मात्र सांगितलेले नाही आणि ते विचारण्याची गरज मुलालाही वाटत नाही. धार्मिक आज्ञा पापाची कल्पना कशी घडवतात, हा या लेखाचा विषय आहे आणि त्याची सुरुवात आजीच्या या वाक्यापासून करणे सोयीचे आहे.

पाप या शब्दाबरोबर मराठीत कोणती क्रियापदे येतात ते आधी पाहू. पाप 'लागते', 'घडते', ते 'फेडावे' लागते, 'धुऊन' निघते, कोणाच्या तरी 'माथी' बसते आणि शेवटी त्याचा घडा 'भरतो'. म्हणजे डाग, कर्ज, ओझे आणि साठा अशा चार वेगवेगळ्या कल्पना आपण एकाच शब्दात कोंबलेल्या आहेत. संस्कृतातला 'पातक' हा शब्द 'पडणे' या अर्थाच्या धातूपासून आला असून माणसाला त्याच्या जागेवरून खाली पाडणारे ते पातक, असा त्याचा भाव आहे. हिब्रूत पापासाठी जो 'हेत' हा शब्द आहे त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. फारसीतून आलेल्या 'गुन्हा' या शब्दाची गोष्ट तर फारच बोलकी आहे, कारण फारसीत आणि उर्दूत 'गुनाह' म्हणजे पाप, पण मराठीत येता येता तो शब्द पोलीस चौकीत नोंदवला जाऊ लागला. त्यामुळे मराठी माणसाकडे दोन वेगळी खाती आहेत, एक पापाचे आणि दुसरे गुन्ह्याचे. सिग्नल तोडणे हा गुन्हा आहे हे लक्ष्मी रस्त्यावरच्या प्रत्येक दुचाकीस्वाराला ठाऊक असते. पण त्याने पाप लागते असे कोणत्याही आजीने त्याला सांगितलेले नसते, म्हणून सिग्नल तोडताना त्याचा हात कपाळाकडे जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एखादे कृत्य आधीपासूनच पाप असते आणि धर्म ते फक्त दाखवून देतो, की धर्माने मनाई केल्यामुळे ते पाप ठरते? या प्रश्नाचे एकच उत्तर सर्व धर्मांना लागू पडत नाही, आणि त्याचे एक महत्त्वाचे कारण असे की सगळे धर्म एकाच रीतीने आज्ञा देत नाहीत. मराठीत मनाई करण्याचे तीन सरळ मार्ग आहेत. 'करू नको' म्हणताना समोर कोणीतरी सांगणारा असतो. 'करू नये' म्हणताना सांगणारा दिसत नाही, नुसता नियम उभा असतो. 'करणार नाही' म्हणताना मनाई करणारा आणि ती पाळणारा एकच असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की आज्ञा या तीनपैकी ज्या रूपात येते, त्या रूपाप्रमाणे पापाची कल्पना बदलते. ही विभागणी समजुतीसाठी केलेली आहे. प्रत्यक्षात प्रत्येक धर्मात तिन्ही रूपे कमीजास्त प्रमाणात सापडतात.

'नको'चे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतील दहा आज्ञा. त्या बायबलच्या जुन्या करारात दोन ठिकाणी येतात, निर्गम या ग्रंथाच्या २०व्या अध्यायात आणि अनुवाद या ग्रंथाच्या ५व्या अध्यायात. मूळ हिब्रूत त्या 'तू' असे एकवचनी संबोधून दिलेल्या आहेत, आणि मराठी बायबलनेही 'खून करू नको', 'चोरी करू नको' अशी तीच धाटणी ठेवली आहे. या आज्ञांच्या आधी एक प्रस्तावना आहे: मी तुझा देव परमेश्वर आहे, मी तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर काढले. ज्याने सोडवले तो आता काही मागतो आहे, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे येथे पाप म्हणजे केवळ वाईट कृत्य राहत नाही. ते करार मोडणे ठरते, उपकारकर्त्याकडे पाठ फिरवणे ठरते. चोरीने शेजाऱ्याचे नुकसान होते हे खरेच आहे, पण या मांडणीत शेजाऱ्याबरोबर आणखी एक जण दुखावला जातो.

आज्ञा दहा असल्या तरी त्या मोजण्याची पद्धत एक नाही. ज्यू परंपरा वर उल्लेखिलेल्या प्रस्तावनेलाच पहिले वचन मानते. कॅथलिक आणि लुथरपंथी लोभाच्या मनाईचे दोन भाग करतात, तर इतर बहुतेक प्रॉटेस्टंट मूर्ती न करण्याची आज्ञा वेगळी मोजतात. परिणामी व्यभिचाराची मनाई कॅथलिकांच्या लेखी सहावी आणि इतर अनेकांच्या लेखी सातवी आहे. शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, पाळण्याची आज्ञा दोन्ही ग्रंथांत आहे, पण निर्गमात तिचे कारण असे दिले आहे की देवाने सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला, आणि अनुवादात असे की तू स्वतः मिसरात दास होतास हे आठवावे आणि म्हणून आपल्या दासदासींनाही विसावा द्यावा. कारण बदलले तरी आज्ञा तशीच राहिली. धर्मशास्त्रांचा अभ्यास करणाऱ्याला हे सर्वत्र दिसते: नियम टिकाऊ असतो आणि त्याचे स्पष्टीकरण पिढीगणिक बदलते.

किंबहुना नियम ग्रंथावाचूनही टिकतो, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांनी १८६०च्या दशकात बांधलेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग, सर्वांना माहीत असते. रास्ता पेठेतले दुसरे सिनेगॉग त्या मानाने कमी माहीत असते आणि ते मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली समाजाचे आहे. या समाजाचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. इतर ज्यू समाजांशी त्यांचा संबंध दीर्घकाळ तुटलेला होता आणि धर्मग्रंथही हाताशी राहिले नव्हते. तरीही, परंपरा सांगते त्याप्रमाणे, शनिवारचा विसावा, पर आणि खवले नसलेला मासा न खाणे आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढे त्यांच्याकडे शिल्लक होते. आज्ञेचा मूळ मजकूर गेला, 'नको' म्हणणारा आवाज पुसट झाला, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे 'नये' तेवढे उरले. पुस्तकाला पाय लावणाऱ्या मुलाची आणि शनिवारी घाणा न जुंपणाऱ्या तेल्याची गोष्ट या अर्थाने एकच आहे.

आज्ञेचे आणखी एक काम असते आणि ते सेंट पॉलने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ७व्या अध्यायात मोठ्या प्रामाणिकपणे मांडले आहे. लोभ धरू नको असे नियमशास्त्राने सांगितले नसते तर लोभ म्हणजे काय हे मला कळलेच नसते, असे तो म्हणतो, आणि पुढे जाऊन असेही म्हणतो की मनाईनेच माझ्यात सर्व प्रकारचा लोभ जागा झाला. आज्ञा पापाला नाव देते आणि नाव मिळाल्यावर ते मनात अधिक ठळक होते. दहा आज्ञांपैकी शेवटची या दृष्टीने वेगळी आहे. खून, चोरी, खोटी साक्ष ही बाहेर दिसणारी कृत्ये आहेत. शेजाऱ्याच्या घराचा लोभ हा कोणालाही न दिसणारा आहे. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात हीच दिशा पुढे नेलेली दिसते, जेथे भावावर रागावणाराही न्यायास पात्र ठरतो आणि वासनेने पाहणे हाच व्यभिचार ठरतो. एकदा पाप कृत्यातून मनात गेले की कबुलीजबाबाची गरज निर्माण होते, कारण ज्या पापाचा साक्षीदार नाही ते स्वतः सांगितल्याखेरीज कोणाला कळणार?

'नये'चा प्रदेश आपल्या अधिक ओळखीचा आहे, म्हणून येथे थोडे जास्त थांबतो. 'न हिंस्यात्' यासारख्या वैदिक वाक्यांत जे क्रियापद आहे ते विध्यर्थी आहे आणि त्याचे मराठी भाषांतर 'हिंसा करू नये' असेच होते. या वाक्यांचा अर्थ कसा लावावा याचे शास्त्र मीमांसकांनी रचले. जैमिनीच्या सूत्रांत आरंभीच 'चोदनालक्षणोऽर्थो धर्मः' असे म्हटले आहे. चोदना म्हणजे प्रवृत्त करणारे वाक्य, आणि धर्म काय हे त्या वाक्यावरूनच ओळखायचे. त्याच मीमांसकांचे मत असे की वेद अपौरुषेय आहेत, म्हणजे ते माणसाने रचलेले नाहीत आणि देवानेही रचलेले नाहीत. आज्ञा आहे, पण आज्ञा देणारा नाही. मराठीतल्या 'नये'चे इतके नेमके तत्त्वज्ञान दुसरीकडे सापडणे कठीण आहे. ज्याला दुखवावे असा आज्ञाकर्ताच नसल्यामुळे येथे पाप हे अवज्ञा राहत नाही, तर विस्तवाला हात लावला की भाजते तसा तो एक परिणाम होतो. म्हणूनच ते 'लागते'.

मनुस्मृतीच्या ११व्या अध्यायात प्रायश्चित्त कोणाला घ्यावे लागते हे एका श्लोकात सांगितले आहे: जो विहित कर्म करीत नाही, जो निंदित कर्म करतो आणि जो विषयांत आसक्त होतो, त्याला. यातला पहिला गट अनेकांच्या लक्षात येत नाही. संध्या न करणे, श्राद्ध चुकवणे हेही दोषाचे कारण होते. आज्ञा जितकी कामे नेमून देते तितकी चुकण्याची ठिकाणे वाढतात. ज्यू परंपरेने एकूण ६१३ आज्ञा मोजल्या आहेत, त्यांतल्या २४८ करण्याच्या आणि ३६५ न करण्याच्या; म्हणजे तेथेही चुकण्याचे एक मोठे क्षेत्र 'न केल्या'चे आहे.

त्याच अध्यायात पाच महापातके येतात: ब्रह्महत्या, सुरापान, चोरी, गुरुपत्नीगमन आणि या चौघांशी संसर्ग. पाचवे महापातक नीट पाहावे. पहिली चार कोणीतरी केलेली कृत्ये आहेत. पाचवे म्हणजे तसे करणाऱ्यांच्या पंक्तीला बसणे. पाप स्पर्शजन्य आहे ही कल्पना येथे नियमात उतरली आणि पुढे बहिष्काराला, ग्रामण्याला म्हणजे कोणाला वाळीत टाकावे यावरून जातीत होणाऱ्या वादाला, तिचा आधार झाला. पापाची वर्गवारी, त्यांची प्रायश्चित्ते आणि कोणत्या पापाने कोणता रोग होतो याचे कर्मविपाक नावाचे शास्त्र, हे सर्व ज्याला एका ठिकाणी वाचायचे असेल त्याने महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड पाहावा; हा पाच खंडांचा ग्रंथ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केला. कर्मविपाकाबद्दल मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सोने चोरणाऱ्याची नखे बिघडतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो असे स्मृती सांगते, आणि वाचणाऱ्यांनी ते वाक्य उलटे फिरवले: क्षय झाला आहे त्याअर्थी मागल्या जन्मी काहीतरी केले असणार. आज्ञेवरून पापाकडे जाण्याऐवजी दुःखावरून पापाकडे जाण्याची ही वाट जुनी आहे. ऋग्वेदाच्या ७व्या मंडलात वसिष्ठ वरुणाला विचारतो की माझा असा कोणता मोठा अपराध झाला. आणि मग स्वतःच म्हणतो की माझ्या इच्छेने काही झाले नाही, दारू, राग, फासे आणि अजाणपणा यांनी ते घडवले. वसिष्ठाने हा प्रश्न स्वतःबद्दल विचारला होता. आजारी माणसाच्या अंथरुणापाशी बसून त्याच्याबद्दल तो विचारणे वेगळे.

'नये'चा नियम सर्वांसाठी सारखा असतो असे वाटते, पण धर्मशास्त्रात तसे नाही. कोणाला काय विहित आहे हे वर्ण आणि आश्रम यांवरून ठरते. आळंदीच्या विठ्ठलपंतांची कथा येथे आठवावी. परंपरा सांगते की त्यांनी पत्नी असताना काशीस जाऊन संन्यास घेतला, आणि ही गोष्ट गुरूंना कळल्यावर त्यांच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात परतले. पत्नीसह राहणे आणि मुले होणे हा गृहस्थाचा धर्म. तेच संन्याशाने केले तर तो 'आरूढपतित', चढून पडलेला. कृत्य तेच, घर तेच, माणसे तीच; आज्ञा ज्याला उद्देशून आहे तो मधल्या काळात बदलला होता. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने देहांत प्रायश्चित्त सांगितले आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता यांच्या वाट्याला 'संन्याशाची पोरे' हे नाव आले. त्याच ज्ञानदेवांनी पुढे पसायदानात 'दुरितांचे तिमिर जावो' असे मागितले, आणि तेथे दुरित म्हणजे डाग किंवा कर्ज नसून अंधार आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. डाग धुवावा लागतो, कर्ज फेडावे लागते. अंधाराला प्रायश्चित्त नसते, त्याला उजेड लागतो.

वर्णाच्या बाबतीत हिशेब अधिक उघडा आहे. मनुस्मृतीनुसार क्षत्रियाला मारल्यास ब्रह्महत्येच्या प्रायश्चित्ताचा चौथा हिस्सा, वैश्याला मारल्यास आठवा आणि शूद्राला मारल्यास सोळावा हिस्सा घ्यावा. जीव घेण्याचे पाप मेलेल्याच्या जन्मावरून मोजले जात असेल तर त्या मोजपट्टीवरच प्रश्न उभा राहतो, आणि तो महात्मा फुल्यांनी याच शहरात उभा केला. १८४८ साली त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा स्त्रीशूद्रांनी शिकणे हे पाप मानणारे लोक थोडे नव्हते. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, त्यामागचे तर्कशास्त्र पाहण्यासारखे आहे. ब्राह्मण विधवेने पुन्हा लग्न करू नये हा नियम होता. त्यामुळे तिचे गरोदर राहणे हे पाप ठरले. आणि ते झाकण्यासाठी मूल मारणे घडू लागले. पहिल्या 'नये'ने दुसऱ्या, कितीतरी मोठ्या अपराधाला वाट करून दिली होती. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचा झगडा देवाशी नव्हता, देवाच्या नावाने नियम करणाऱ्यांशी होता.

इस्लाममध्ये 'नको' आहे, पण तेथील धर्मशास्त्राने एक उपयुक्त गोष्ट केली आहे. माणसाच्या सर्व कृत्यांची त्याने पाच पायऱ्यांत विभागणी केली: फर्ज म्हणजे केलेच पाहिजे असे, मुस्तहब म्हणजे केल्यास चांगले, मुबाह म्हणजे केले काय किंवा न केले काय सारखेच, मकरूह म्हणजे टाळावे असे, आणि हराम म्हणजे निषिद्ध. पाप आणि पुण्य यांच्यामध्ये एक मोठे मोकळे मैदान आहे हे यात स्पष्टपणे मान्य केलेले आहे. अल्लाहचे हक्क आणि माणसांचे हक्क असाही एक भेद आहे. पहिल्यांत चूक झाली तर तौबा, म्हणजे मनापासून पश्चात्ताप, पुरते, पण ज्याचे पैसे बुडवले त्याला ते परत केल्यावाचून किंवा त्याने माफ केल्यावाचून तौबा पुरी होत नाही.

तिसरा प्रकार 'नाही'चा. बौद्धांचे पंचशील पाली भाषेत म्हटले जाते आणि त्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'वेरमणी सिक्खापदं समादियामि' असे येते. अमुक गोष्टीपासून दूर राहण्याचा नियम मी स्वीकारतो. क्रियापद उत्तम पुरुषी आहे. कोणी बजावत नाही, म्हणणाराच स्वतःला बांधून घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यांतही 'मी चोरी करणार नाही', 'मी खोटे बोलणार नाही' अशीच वाक्ये आहेत. ज्यांना शतकानुशतके फक्त 'नको' आणि 'नये' ऐकावे लागले होते, त्यांनी त्या दिवशी 'मी' या शब्दाने वाक्य सुरू केले, आणि हा बदल केवळ व्याकरणाचा नव्हता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन करून 'नये'ची एक यादी नाकारलेली होती. नागपूरला तिच्या जागी स्वतःची प्रतिज्ञा आली.

प्रतिज्ञेच्या मांडणीत हेतूला महत्त्व येते. चेतना म्हणजेच कर्म, असे बुद्धवचन अंगुत्तर निकायात आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या अशीच आहे: प्रमादामुळे, म्हणजे बेसावधपणामुळे, प्राण हरण करणे ती हिंसा. जैन परंपरेने व्रत मोडण्याच्या चार पायऱ्याही सांगितल्या आहेत. मनात इच्छा येणे हा अतिक्रम, त्या दिशेने पाऊल टाकणे हा व्यतिक्रम, व्रताला थोडा ढका लागणे हा अतिचार आणि व्रत पूर्ण मोडणे हा अनाचार. एवढ्या बारकाईचे कारण उघड आहे. जो स्वतःच नियम घेतो त्याला आपण नेमके कोठे घसरलो हे स्वतःच तपासावे लागते. संवत्सरीला पुण्यातल्या जैन शेजाऱ्यांकडून येणारा 'मिच्छामि दुक्कडं' हा निरोप म्हणजे त्या तपासणीचा शेवटचा भाग आहे: माझे दुष्कृत मिथ्या होवो. आता तो मोबाइलवर एका वेळी दोनशे जणांना जातो, ही गोष्ट निराळी.

आज्ञा जुनी असते आणि जग नवे होत जाते, तेव्हा काय होते हा यापुढचा भाग आहे. मीमांसकांनी यासाठी अतिदेश नावाची युक्ती सांगितली आहे, एका ठिकाणचा नियम दुसऱ्या सारख्या ठिकाणी लावणे. इस्लामी न्यायशास्त्रात कियास हे तसेच तंत्र आहे. द्राक्षांच्या मद्याची मनाई इतर मादक पदार्थांना त्यामुळे लागू झाली. मिश्ना या ज्यू नियमसंग्रहाने शब्बाथच्या दिवशी निषिद्ध कामांचे ३९ प्रकार मोजले, आणि आजचे कर्मठ ज्यू त्यांच्या आधारे शनिवारी विजेचे बटण दाबत नाहीत. उलट दिशेचा प्रवासही होतो. कलिवर्ज्य म्हणून जी यादी धर्मशास्त्रात आहे तीत पूर्वी विहित असलेल्या पण कलियुगात करू नयेत अशा गोष्टी आहेत; नियोग, म्हणजे अपत्य नसलेल्या स्त्रीला दिरासारख्या आप्ताकडून मूल होऊ देण्याची प्रथा, त्यांतलीच. म्हणजे वेदकाळी जे विहित होते ते पुढे पाप झाले, आणि शास्त्रकारांनी हे लपवले नाही, उलट यादी करून सांगितले. समुद्रप्रवास बौधायन धर्मसूत्रात पतन घडवणाऱ्या कृत्यांत मोजला आहे. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून परतणाऱ्या अनेकांच्या घरी या प्रश्नावर वाद होत असे.

देव सांगतो म्हणून चांगले, की चांगले म्हणून देव सांगतो, असा प्रश्न अथेन्समध्ये सॉक्रेटिसाच्या तोंडी येतो, आणि इस्लाममध्ये अशअरी व मुताझिली या दोन विचारपंथांत त्यावर दीर्घ वाद झाला. आपल्याकडे त्याचे सर्वांत थोडक्यातले उत्तर देहूच्या तुकोबांचे आहे: 'पुण्य पर उपकार, पाप ते परपीडा'. येथे आज्ञेचे नावही नाही. दुसऱ्याला पीडा झाली की नाही एवढीच कसोटी. पण हे म्हणणाऱ्या तुकोबांनाच आज्ञेचा तडाखा बसला. परंपरा सांगते की शूद्राने वेदार्थ सांगणे निषिद्ध म्हणून वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या निवाड्यावरून त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. त्या अभंगांनी कोणाला पीडा झाली, असे त्या निवाड्यात विचारले गेले नसावे.

हे सर्व धागे एकत्र आलेले पाहायचे असतील तर गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली झालेल्या चहापानाकडे वळावे लागते. तेथे एका व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले त्यांत होते. चहा आणि बिस्किटे पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसताच कप हातात घेतला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली आणि गावात गहजब झाला. चहा हा पदार्थ स्मृतिकारांना ठाऊक असणे शक्यच नव्हते, तेव्हा चहा पिऊ नये अशी आज्ञा कोठेच नव्हती; पण परधर्मीयाच्या हातचे अन्नपाणी घेऊ नये हा नियम होता आणि तो चहाला लावण्यात आला. तक्रार शंकराचार्यांकडे गेली, चौकशीसाठी शास्त्री आले, कोण काय प्यायले याची विचारपूस झाली. पाचव्या महापातकाची छाया येथे दिसू लागते, कारण चहा पिणारा एकटाच दोषी राहत नव्हता. त्याच्या पंक्तीला बसणारे सोयरे, त्याच्या घरी पूजा सांगणारे भटजी, सगळेच अडचणीत येत होते. म्हणजे चहाचा कप एकाने घेतला तरी फेड सगळ्या घराला करावी लागणार होती.

टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले. शास्त्राचा दावा शास्त्राच्या भाषेत मिटवण्याची ही त्यांची पद्धत होती, आणि ती घेताना चहा हे पाप आहे असे त्यांना मनापासून वाटत होते की नाही, हा प्रश्न त्या व्यवहारात उद्भवत नाही. 'नये'च्या राज्यात कर्ज फेडले की पुरे, ते मान्य होते का असे कोणी विचारत नाही. रानड्यांनी आरंभी नकार दिला होता. मात्र बहिष्काराने मित्रांचे आणि आप्तांचे हाल होत आहेत असे दिसल्यावर त्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले, आणि तेव्हा त्यांच्यावर सर्वांत कडक टीका झाली ती सुधारकांकडून. ज्या कृत्यात पाप आहे असे आपल्याला वाटत नाही त्याचे प्रायश्चित्त घेणे म्हणजे खोटे बोलणे, असा त्या टीकेचा आशय होता. कर्मठांच्या लेखी रानड्यांकडून चहा पिताना चूक घडली होती आणि सुधारकांच्या लेखी ती पंचगव्य घेताना घडली होती. सुधारकांना स्मृतींचे बंधन मान्य नव्हते, पण मनाला न पटलेले प्रायश्चित्त घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्याही वाक्यात क्रियापद 'नये' हेच होते.